मालवाहू ट्रकच्या केबिनमधील कॅमेरे व चालकांची सुरक्षितता

प्रस्तावना :

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा अपघातांची कारणमीमांसा करताना 'चालकाची चूक' हा शेरा सर्रास मारला जातो. परंतु ती चूक घडली त्या क्षणी केबिनमध्ये नेमके काय चालले होते, याचा पुरावा पंचनाम्यात क्वचितच असतो. चालक मृत किंवा जखमी असतो, अथवा जमावाच्या भीतीने पळून गेलेला असतो. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणून मोठ्या वाहतूक कंपन्या आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवीत आहेत. कॅमेरा बसविल्याने अपघात टळतात काय, हा प्रश्न मात्र वरकरणी वाटतो तितका सरळ नाही.

कॅमेऱ्याची कार्यपद्धती :

या उपकरणास सामान्यतः दोन भिंगे असतात. एक समोरच्या काचेतून रस्ता पाहते, तर दुसरे चालकाचा चेहरा व हात टिपते. चित्रण अखंड चालू असते व जुने चित्रण आपोआप पुसले जाते. मात्र जोराचा ब्रेक, आकस्मिक वळण किंवा धक्का बसल्यास उपकरणातील त्वरणमापक ते ओळखतो आणि त्या क्षणाच्या आधीची व नंतरची काही सेकंदे जतन करून मोबाईल जाळ्यामार्फत कार्यालयाकडे पाठविली जातात. नव्या पिढीची उपकरणे याही पुढे जाऊन चेहऱ्याचे विश्लेषण करतात. ठरावीक काळापैकी किती टक्के वेळ पापण्या ८० टक्के वा अधिक मिटलेल्या होत्या, हे मोजून पेंगुळलेपणाचा अंदाज बांधला जातो. अंधारात डोळे दिसावेत म्हणून अवरक्त किरणांचा वापर होतो. त्याचा झोत चालकाच्या डोळ्यांना जाणवत नाही.

क्षणभराच्या दुर्लक्षाची किंमत किती, हे अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेच्या २००९ मधील अभ्यासाने दाखवून दिले. प्रत्यक्ष मालवाहतूक करणाऱ्या ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या या अभ्यासात, मोबाईलवर संदेश लिहिणाऱ्या चालकाच्या बाबतीत धोकादायक प्रसंगाची शक्यता सुमारे २३ पटींनी वाढलेली आढळली. सहा सेकंदांच्या अवधीत त्याची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तेवढ्या वेळात शंभर मीटरहून अधिक अंतर कापतो.

केवळ कॅमेरा पुरेसा आहे काय?

याच संस्थेने पुढे दोन वाहतूक कंपन्यांमध्ये या पद्धतीची चाचणी घेतली. पहिले चार आठवडे केवळ नोंदी घेतल्या गेल्या. त्यानंतरच्या तेरा आठवड्यांत पर्यवेक्षकांनी चालकांना चित्रण दाखवून त्यांच्याशी चर्चा केली. धोकादायक प्रसंगांचे प्रमाण एका कंपनीत एक-तृतीयांशाहून अधिक, तर दुसरीत निम्म्याहून अधिक घटले. हे श्रेय कॅमेऱ्याचे की चर्चेचे, हा प्रश्न येथे उरतोच. त्याचे उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील संशोधकांच्या २०१७ मधील अभ्यासातून मिळते. त्यात काही चालकांना केबिनमधील दिव्याद्वारे फक्त इशारा मिळत होता, काहींना इशाऱ्याबरोबर पर्यवेक्षकाचे मार्गदर्शनही मिळत होते, तर तिसऱ्या गटास दोन्ही नव्हते. केवळ दिव्याचा इशारा मिळणाऱ्या गटात व काहीही न मिळणाऱ्या गटात लक्षणीय फरक आढळला नाही. मार्गदर्शन मिळालेल्या गटात मात्र धोकादायक वर्तन स्पष्टपणे कमी झाले. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ही बाब सहसा ठळकपणे छापलेली नसते.

भारतीय परिस्थिती :

आपल्याकडे बहुसंख्य ट्रक पाच वा त्याहून कमी वाहने असलेल्या मालकांचे आहेत. तेथे पर्यवेक्षक हे पदच नसते. मालकच भाडे ठरवितो, हप्ते फेडतो आणि 'गाडी कुठवर आली?' असे दूरध्वनीवर विचारतो. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० मधील पाहणीत जवळजवळ निम्म्या चालकांनी थकवा वा झोप येत असतानाही गाडी चालवीत असल्याचे सांगितले. अशा चालकास कॅमेऱ्याने जागे केले तरी त्याची झोप भरून निघत नाही. कायद्याचा आधारही तोकडाच. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता व त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आठ तास कायम राहिले. परंतु परिवहन उपक्रमासाठी कामगारसंख्येची अट दहावर गेली. म्हणजे ज्याच्या चालकांना विश्रांतीची सर्वाधिक गरज, तो लहान मालक या तरतुदींच्या आणखी बाहेर राहिला.

येथे कॅमेऱ्याचा एक दुर्लक्षित उपयोग नमूद करावयास हवा. पहाटे तीन वाजता जांभई देणाऱ्या चालकाचे चित्र ज्या उपकरणात असते, त्याच्याच वेळ-स्थळाच्या नोंदीत तो ट्रक आदल्या दिवशी गोदामाच्या फाटकाशी किती तास तिष्ठत उभा होता, हेही असते. पहिली नोंद चालकाविरुद्ध वापरावयाची व दुसरी पाहावयाचीच नाही, असे झाल्यास चालकाने भिंगावर फडके टाकले तर नवल नाही.

याउलट रस्त्याकडे पाहणारे भिंग चालकाच्या बाजूने साक्ष देऊ शकते. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली, तेव्हा हे उपकलम वगळण्यात आले. चूक कोणाचीही असो, दोष मोठ्या गाडीवर येतो, ही चालकांची जुनी तक्रार. आडव्या आलेल्या दुचाकीचे चित्रण असल्यास त्यांची बाजू न्यायालयात मांडता येते.

प्रश्न उरतो तो खाजगीपणाचा. ट्रकची केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण तसेच निवासस्थानही आहे. तो तेथेच जेवतो, झोपतो, घरच्यांशी बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीविषयक कारणांसाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्यास वाव ठेवला आहे. त्यामुळे इंजिन बंद होताच आतील भिंग बंद व्हावे, ध्वनिमुद्रण नसावे, चित्रण किती दिवस ठेवले जाईल हे चालकास त्याच्या भाषेत आधी सांगितले जावे आणि स्वतःचे चित्रण पाहण्याची त्यास मुभा असावी, या अटी नेमणुकीच्या वेळीच लेखी ठरविल्या जाणे आवश्यक आहे.