चाड, टोकेलाऊ आणि अंबडची एसटी

पहाटे 5

आज नळाचा दिवस, म्हणून आधी पाणी. टाकी, हंडे, बादल्या, शेवटी प्यायचं पिंप. जालन्यात नळ आला की बाकीची कामं थांबतात. 2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांचा हात अजूनही नळाखाली भांडं रिकामं ठेवू देत नाही. त्यानंतर पैठणहून जायकवाडीचं पाणी शहरात आलं, पण सवय गेली नाही.

पाणी भरता भरता आजच्या भूगोलाच्या तासाची उजळणी चालू असते. आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे चाडची राजधानी एन्जामेना इथे मध्यरात्रीचे साडेबारा, आणि टोकेलाऊ बेटांवर त्याच तारखेची दुपार, साडेबाराच. हे मुलांना फळ्यावर घड्याळं काढून दाखवायचं आहे.

चाड आणि टोकेलाऊच का, हे आधी सांगते. दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभं आहे. स्थान-विस्तार, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय, सगळं दोन्ही देशांचं शेजारी शेजारी. पुस्तक चांगलं आहे, मी ते आवडीने शिकवते. पण दोन्ही देश अवाढव्य, दोन्हींना लांबलचक किनारा, दोन्हींकडे बंदरं. मुलं मधोमध रेघ मारतात, डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील, आणि पाठ करून मोकळी होतात. वाहतुकीचा पाठ सुरू करण्याआधी एक तास मी अशा दोन ठिकाणांना देते, जिथे वाहतूक हाच जगण्याचा प्रश्न आहे. एकाला समुद्र नाही. दुसऱ्याला समुद्राशिवाय काही नाही.

सकाळी 8

जालना स्टँडवरून अंबडची एसटी. अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बाया वाढल्यात, आणि ते बघून मला बरं वाटतं. पूर्वी माहेरी जायला सणाची वाट बघणाऱ्या आता दवाखान्याला, बाजाराला, बहिणीकडे सहज निघतात. रस्ता होताच, गाडीही होती, नव्हते ते तिकिटाचे पैसे.

खिडकीतून कपाशीची दुसरी-तिसरी वेचणी दिसते, मधून मोसंबीच्या बागा, आणि काळ्या रानात गुडघ्याच्या वर आलेली शाळूची ज्वारी. समोरून सळयांनी भरलेले ट्रक येतात. जालन्याचं स्टील म्हणजे भंगार वितळवून केलेली सळई. त्या भंगारातलं बरंचसं परदेशातून कंटेनरने न्हावा-शेव्याला उतरतं आणि तिथून चारशे किलोमीटर आत येतं. ही वाट सोपी व्हावी म्हणून दिनेगावजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी 2015 मध्ये झाली. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला बंदर कशासाठी, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं होतं. मी तोच प्रश्न दरवर्षी दहावीला विचारते.

सकाळी 10

परिपाठ, प्रतिज्ञा, बातम्या. मग हजेरी. दिवाळीनंतर हजेरी घेणं जिवावर येतं. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की गावातले ऊसतोडीचे कोयते निघतात, आणि नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी दुसराच उत्तर देतो, "मॅडम, त्ये गेलं उसाला."

सकाळी 11

दहावीचा तास. जिल्हा परिषद प्रशालेत नकाशे जुने आहेत, पण जगाचा मोठा नकाशा अजून धड आहे. फळ्यावर तीन घड्याळं काढली : अंबड 11, एन्जामेना साडेसहा, टोकेलाऊ संध्याकाळचे साडेसहा. एकीकडे दिवस उजाडतोय, दुसरीकडे मावळतोय, आणि आपण मध्ये.

मग आकडे. चाड 12 लाख 84 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्र मावून वर थोडी जागा उरते. टोकेलाऊची जमीन सगळी मिळून साधारण 12 चौरस किलोमीटर. मुलांना चौरस किलोमीटर कळत नाही, एकर कळतो. "तीन हजार एकर," म्हटल्यावर एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, हे तं आपल्या शिवाराएवढंच हाये." बरोबर. आणि हे शिवारही एका ठिकाणी नाही. अटाफू, नुकुनोनू आणि फकाओफो अशी तीन प्रवाळबेटं, एकमेकांपासून लांब लांब. माणसं दीड हजाराच्या आसपास. जमीन समुद्रापासून जेमतेम पाच मीटर वर. शाळेच्या गच्चीवर उभं राहिलं तर त्या देशाच्या सर्वांत उंच जागेपेक्षा उंच झालो.

"देशाच्या" म्हटलं तर वर्गातल्या हुशार मुलीने अडवलं, आणि अडवायलाच हवं होतं. चाड प्रजासत्ताक आहे, फ्रान्सकडून 11 ऑगस्ट 1960 ला स्वतंत्र झालं, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी. टोकेलाऊ न्यूझीलंडच्या ताब्यातला प्रदेश आहे.

यानंतर मी मुलांना एकच काम दिलं. एक पोतं सिमेंट दोन्हीकडे पोचवायचं. नकाशावर बोट ठेवून वाट सांगा.

चाडचा गट पुढे आला. सहा देशांचा वेढा : लिबिया, सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कॅमेरून, नायजेरिया, नायजर. बोट फिरत फिरत शेवटी कॅमेरूनच्या दुआला बंदरावर थांबलं, कारण चाडचा बहुतेक माल तिथेच उतरतो. दुआलापासून न्गाउंदेरेपर्यंत रेल्वे, तिथून पुढे ट्रक. किंवा सगळी वाट ट्रकनेच, सतराशे-अठराशे किलोमीटर. चाडमध्ये रेल्वे नाही. ट्रक कुणाचे हेही दोन देशांनी करारात ठरवलेलं : चाडच्या मालापैकी 65 टक्के चाडच्या ट्रकांनी न्यायचा, 35 टक्के कॅमेरूनच्या. शेवटी लोगोन नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे एन्जामेना. राजधानी थेट सरहद्दीच्या काठावर आहे. 2003 मध्ये चाडचं तेल निघालं, तेही हजार किलोमीटरहून लांब पाइपमधून कॅमेरूनच्या क्रिबी किनाऱ्यालाच जातं. पावसात रस्ता खचला, शेजारच्या देशात गोंधळ झाला, जकातीचे कागद अडले, की एन्जामेनात सिमेंट महागतं, आणि चाडच्या माणसाला त्यात करण्यासारखं काही नसतं.

मुलं गप्प होती. मग एकाने विचारलं, "मंग आपला कंटेनर न्हावा-शेव्याहून येतो तवा मधी कोणता देश लागतो?" कुणी हसलं नाही. पूर्ण तासात मला हव्या असलेल्या प्रश्नांपैकी हा पहिला. मध्ये ठाणे लागतं, नाशिक लागतं, संभाजीनगर लागतं. एकही सरहद्द नाही. आपल्यालाही समुद्र नाही, पण समुद्राची वाट आपल्या हातात आहे. चाडची वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते.

टोकेलाऊच्या गटाला वाटलं, आपलं सोपं आहे. चहूकडे समुद्र, बोट लावायची आणि उतरायचं. त्यांना सांगावं लागलं की विमानतळ नाही. बंदरही नाही. सामोआतल्या अपियाहून सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेला बोटीने जायचं, एक दिवसाहून जास्त लागतो, आणि बोट साधारण पंधरवड्याने. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, तिच्यात मोठी बोट शिरू शकत नाही. ती बाहेर पाण्यात थांबते. मग भिंतीत फोडलेल्या अरुंद वाटेने लहान पडाव बाहेर येतात, आणि लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीतून पोती, पिंपं, म्हातारी माणसं, लेकरं एकेक करून पडावात उतरवतात. लाटा मोठ्या असल्या तर थांबायचं. तिथली मातालिकी नावाची बोट बांगलादेशात चट्टग्रामला बांधलेली आहे, हे मुलांना विशेष वाटलं.

"आन् कुणाला साप चावला तं?" साप तिथे अंगणात निघत नाहीत, पण प्रश्नाचा रोख बरोबर होता. बाळंतीण अडली, अपघात झाला, तर पेशंटला अपियाला न्यायचं बोटीनेच. या मुलांना तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतची वाट पाठ आहे. रात्री अँब्युलन्स यायला किती वेळ लागतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पाण्याचं तर आणखी वेगळं. प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून प्यायचं. 2011 मध्ये पाऊस लांबला आणि ऑक्टोबरमध्ये टोकेलाऊला आणीबाणी जाहीर करावी लागली. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला पाणी बोटीने आणलेलं. त्यानंतरच्याच वर्षी आपल्याकडे टँकर लागले. तिकडे चाड सरोवर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 25 हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे जालना जिल्ह्याच्या तिप्पट. दोन-तीन दशकांत ते दीड-दोन हजारांवर आलं. पुढे पाऊस सुधारला तेव्हा काही पाणी परतलं, पण काठावरचे कोळी आणि गुराखी मधल्या काळात पांगून गेले होते.

घंटा झाली तेव्हा सिमेंटचं पोतं टोकेलाऊच्या पडावातच होतं.

दुपारी 1:30

खिचडी. दहावीला शासनाची खिचडी नाही, ती आठवीपर्यंतच, म्हणून मोठी मुलं डबे घेऊन बसतात. मी त्यांच्यातच बसते. भाकरी शाळूची. मी सांगितलं की ज्वारी मूळची आफ्रिकेतली, तिथूनच आपल्याकडे आली. चाडमध्ये आजही तीच रोजची : ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत बऱ्याचदा भेंडीचं कालवण.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती तिथली बेरबेरे ज्वारी. पावसाळा संपताना चाडचे शेतकरी काळ्या चिकण रानात ज्वारीची रोपं लावतात. भाताची करतो तशी लावणीच. त्यानंतर पाऊस नाही, पाणी देणं नाही, जमिनीतल्या ओलीवर पीक वाढतं. उन्हाळा लागेपर्यंत कणसं हाताशी येतात. आपला शाळू दुसरं काय करतो? काळी जमीन, दडून राहिलेली ओल, थंडीचे महिने. आपण पेरतो, ते लावतात, एवढाच फरक. एका मुलाने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तिथं बी भेगा पडतेत का रानाला?" पडतात. उन्हाळ्यात पाय मावेल एवढ्या. जगाच्या नकाशावर साडेसहा-सात हजार किलोमीटर लांब असलेला शेतकरी त्या क्षणी त्याच्या बांधाला येऊन बसला.

जालन्याला बियाण्यांचं शहर म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको इथेच काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून. मुलांना सळईचे कारखाने माहीत असतात, हे नसतं.

दुपारी 3

ऑनलाइन माहिती भरणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांनी विचारलं, "टोकेलाऊ अजून स्वतंत्र का नाही, मॅडम?" दोनदा मतदान झालं, 2006 ला आणि 2007 ला. प्रश्न होता न्यूझीलंडशी नातं ठेवून स्वतःचा कारभार स्वतः करायचा का. दोन-तृतीयांश मतं हवी होती. दुसऱ्या वेळी 692 पैकी 446 जणांनी होकार दिला, सोळा मतं कमी पडली. सरांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळून बघितल्यात. ते म्हणाले, "सोळा मतं म्हणजे दोन घरं."

मला त्या नकारात भीती दिसते आणि ती भीती समजते. आज न्यूझीलंडमध्ये टोकेलाऊचे आठ हजारांहून अधिक लोक राहतात, बेटांवर आहेत त्याच्या कितीतरी पट. बोट, डॉक्टर, शिक्षण, सगळं त्या नात्यावर चालतं. ती दोरी सैल करायला मन धजत नसेल तर दोष कुणाचा? आणि या लोकांना नुसतं परावलंबी म्हणूनही मोकळं होता येत नाही. समुद्रातून आणलेली सामायिक मासळी ते घराघरांत माणशी वाटून घेतात. 2012 मध्ये सगळी वीज जवळपास सूर्यावर नेली आणि डिझेलची पिंपं पडावातून उतरवणं खूपच कमी केलं. चाडने स्वातंत्र्य मिळवलं, यादवी सोसली, आणि दारफुरमधून पळून आलेल्या लाखो लोकांना थारा दिला. कोण पुढे आणि कोण मागे, असा रकाना मी फळ्यावर काढत नाही.

संध्याकाळी 5:30

फाट्यावर एसटीची वाट. आज गाडी उशिरा. सोबत मुली होत्या, पुढच्या वस्तीवरच्या. वाहतुकीच्या पाठात त्यांना मी उद्या एकच प्रश्न देणार आहे : आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत कुठला तुकडा तुमच्या हातात नाही? पावसाळ्यात ओढा, एसटीची वेळ, दादाची मोटरसायकल, जे असेल ते लिहा.

रात्री 9

एन्जामेनात आता दुपारचे साडेचार, टोकेलाऊत उद्याची पहाट. फोन आला तो मात्र कोल्हापूरकडच्या एका उसाच्या फडावरून. माझ्याच दहावीच्या वर्गातली मुलगी. यंदा आजी आजारी, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, म्हणून आईबापांनी तिला सोबत नेलं. दिवसभर ती कोपीवर असते, भावाला बघते, संध्याकाळी पाणी भरते. रेंज येते त्या टेकाडावर जाऊन तिने फोन केला होता. आज काय शिकवलं, विचारत होती.

मी फळ्याचे फोटो पाठवले. तिने ते उघडून बघितले आणि म्हणाली, "मॅडम, दोन्हीकडं पोरी शाळंला जातेत का?" टोकेलाऊत जातात, पण पुढच्या शिक्षणाला बेट सोडून सामोआला नाहीतर न्यूझीलंडला जावं लागतं. चाडमध्ये फार मुली मधेच सुटतात. तिने एवढंच म्हटलं, "हां."

मग कामाचं बोललो. तोंडी परीक्षेला आणि बोर्डाच्या पेपरला तिला इथे असलं पाहिजे. बाप म्हणतो, उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडणार नाही. पण उचल आईबापांच्या कोयत्यावर आहे, मुलीच्या नावावर नाही, हे मी तिच्या आईला फोनवर दोनदा समजावून सांगितलं. आजीच्या औषधपाण्याचं काय ते गावात मी बघते, धाकट्याला अंगणवाडीच्या ताई दिवसा ठेवून घेतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. प्रश्न राहतो तिला आणि भावाला एकट्याने चारशे किलोमीटर आणायचं कसं.

फेब्रुवारीत गावातलीच एक गाडी बैलांचं सामान घेऊन परत येणार आहे, सोबत दोन बाया आहेत, असं तिच्या आईने सांगितलं. मी मुकादमाचा नंबर लिहून घेतला. उद्या मधल्या सुट्टीत त्याला फोन लावायचा, आणि हेडसरांनाही शेजारी बसवायचं, म्हणजे त्याला नाही म्हणता येणार नाही.