काउंट वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीच्या बऱ्याच कंपन्यांत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचे शिबिर लागते. रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यांबरोबर आकडेही उघडले जातात. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० या मर्यादेबाहेर दिसल्या की शेजारी बसलेल्याकडे निदान तयारच असते.

‘काउंट वाढलेत, म्हणजे ब्लड कॅन्सर.’ बहुतेक वेळा नाही. जंतुसंसर्ग, कुठलीशी सूज, स्टिरॉइडच्या गोळ्या, रोजच्या सिगारेटी, यांनीही काउंट चढतात. उलट रक्ताच्या कर्करोगात ते कमीही असू शकतात. शंका आली तर डॉक्टर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि गरज पडली तर अस्थिमज्जा तपासतात. एका आकड्यावर कोणी निदान करत नाही. मात्र कारण सापडत नसताना आकडा चढाच राहिला, तर दुर्लक्ष करू नये.

‘काउंट जास्त, तेवढी कर्करोगाशी लढण्याची ताकद जास्त.’ हा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आपण शाळेत शिकलो. ते खोटे नाही, पण कर्करोगाच्या गाठीपाशी यातले काही सैनिक फितूर होतात. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरचोव्ह यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. त्या तिथे काय करतात, हे उमगायला पुढची शंभराहून अधिक वर्षे गेली.

मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचेच पाहा. जंतू गिळणे हे त्यांचे एक काम. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या उगवायला मदत करणे आणि दाह शमवणे हे दुसरे. गाठ त्यांना या दुसऱ्या कामाला जुंपते. मग तिला रक्तपुरवठा मिळतो आणि इतर पेशींचा हल्ला थंडावतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असे दिसले, की पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध दिल्यावर गाठीत मॅक्रोफेज आणखी जमतात आणि त्यांच्यातली विकरे कर्कपेशींना औषधापासून वाचवतात. औषध ‘लागू पडत नाही’ यामागचे हे एक कारण असू शकते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही कमी नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की स्तनाच्या कर्करोगात रक्तातून फिरणाऱ्या काही कर्कपेशींना न्यूट्रोफिल बिलगलेले असतात, आणि अशा जोड्या अधिक वेगाने वाढून नव्या जागी गाठ धरतात. म्हणून नुसत्या संख्येला अर्थ नाही. कोणत्या पेशी आहेत, कुठे आहेत आणि कोणाच्या सांगण्यावरून काम करताहेत, हे महत्त्वाचे.

केमोनंतर काउंट पडले की देतात ते इंजेक्शनही यामुळे नीट समजून घ्यावे. ते जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठी असते. गाठ त्याने विरघळत नाही. आणि ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेण्यात तर काहीच शहाणपण नाही.

‘पेशींना कामाला लावणारे उपचार परदेशातल्या श्रीमंतांसाठी.’ महागडे आहेत, हे खरेच. पण वाट इथेही निघते आहे. टी-पेशी या पांढऱ्या पेशींवरचा ब्रेक काढता येतो, या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यातून आलेले निव्होलुमॅब हे औषध आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या, बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णांना ते अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडावाटे घ्यायच्या सौम्य केमोसोबत दिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या केमोवर १६.३ टक्के होते, निव्होलुमॅबसह ते ४३.४ टक्के झाले. तंबाखूने पोखरलेल्या महाराष्ट्रासाठी याहून मोलाचा प्रयोग मला तरी आठवत नाही.

दुसरी वाट नवी मुंबईतलीच. रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांच्यात कर्कपेशी ओळखणारे जनुक घालून, त्या वाढवून परत सोडायच्या, ही कार-टी पद्धत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी ती घडवली. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२१ पासून रुग्णांना ती देऊन पाहिली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला कोट्यवधी रुपये लागतात, इथे तीस-चाळीस लाख. स्वस्त म्हणवत नाही, पण फरक मोठा आहे.

‘कार-टी केली की कर्करोग कायमचा गेला, आणि तो कुठलाही असो.’ दोन्ही चूक. नेक्सकार१९ बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कर्करोगांपुरती आहे. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी तिला प्रतिसाद दिला, सर्वांनी नाही. या टी-पेशी सीडी१९ हे प्रथिन पाहून शत्रू ओळखतात. काही कर्कपेशी ते प्रथिनच टाकून देतात, आणि आजार परततो. काही रुग्णांत टी-पेशीच थकतात. तोंडाच्या किंवा स्तनाच्या घट्ट गाठींत तर ही पद्धत अजून फारशी चालत नाही. तिथे टी-पेशींना आत शिरणेच अवघड जाते, आणि शिरल्या तरी गाठीने आपल्या बाजूला वळवलेले मॅक्रोफेज त्यांना रोखतात. त्या मॅक्रोफेजना पुन्हा आपल्या बाजूला कसे वळवायचे, यावर जगभर चाचण्या चालू आहेत.