छापखान्यावाचून मासिक

बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले. त्या काळी मासिक म्हटले की छापखाना आलाच. आज मात्र पुष्कळ मासिके कागदावर उतरतच नाहीत. ती थेट संगणकाच्या पडद्यावर वाचकांना भेटतात. अशा मासिकाला शाई लागत नाही की खिळे जुळवणारा कंपॉझिटर लागत नाही. तथापि लेख साठविणे, त्यांची मांडणी करणे आणि ते वाचकांपर्यंत पोचविणे ही कामे काही टळत नाहीत. ही सर्व कामे जी संगणकीय प्रणाली करते, तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. जुन्या संपादकाला छापखान्याची निवड जितक्या विचाराने करावी लागे, तितक्याच विचाराने नव्या संपादकाला या प्रणालीची निवड करावी लागते.

या प्रणालीचे मर्म असे, की तीत लेखाचा मजकूर आणि त्याचे बाह्य रूप ही दोन्ही वेगवेगळी ठेवलेली असतात. मजकूर एका कोठारात असतो आणि रूप एका साच्यात असते. साचा बदलला, की शेकडो जुने लेख एका क्षणात नवा वेष धारण करतात. त्यांतील एक अक्षरही पुन्हा लिहावे लागत नाही. शिवाय प्रत्येकाचा अधिकार ठरवून देता येतो. लेखकाने लिहावे, उपसंपादकाने तपासावे आणि संपादकाने अनुमती द्यावी, तेव्हाच लेख प्रसिद्ध व्हावा, अशी शिस्त प्रणालीच राखते.

अशा प्रणाली अनेक आहेत. बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट यांची 'ड्रुपल' २००१ साली सर्वांसाठी खुली झाली. 'वर्डप्रेस' २००३ साली आणि 'जूमला' २००५ साली अवतरली. जूमला हे नाव 'सर्व मिळून' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे. मराठीतील 'जुमला' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा होय. वर्डप्रेस शिकावयास सोपी आहे. ड्रुपलमध्ये गुंतागुंतीची रचना उत्तम साधते. परंतु तिला जाणकार हात लागतात.

मग निवड कशी करावी? प्रथम मासिकाची गरज पाहावी. लिहिणारे हात किती, देखभाल करणारा कोण आणि लेखांचे स्वरूप कसे, हे ठरवावे. ज्या प्रणालीची निगा राखणे आपल्याला झेपणार नाही, ती कितीही समर्थ असली तरी आपल्या उपयोगाची नव्हे. कारण वेळोवेळी दुरुस्ती न केलेल्या प्रणालीत चोरवाटा राहतात. मराठी मासिकाने आणखी एक गोष्ट पाहावी. पूर्वी निरनिराळ्या टंकांची सांकेतिक रचना वेगवेगळी असे. त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोड या सर्वमान्य संकेतामुळे ही अडचण दूर झाली. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच साठवला जातो ना, आणि देवनागरी शब्द शोधल्यास सापडतो ना, याची खात्री करून घ्यावी.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. उद्या ही प्रणाली सोडावी लागली, तर आपले लेख आपल्याबरोबर येतील काय? २००४ साली 'मूव्हेबल टाइप' या लोकप्रिय प्रणालीच्या चालकांनी वापराचे नियम बदलले आणि विनामूल्य वापरावर कडक मर्यादा घातल्या. तेव्हा अनेकजण तिला सोडून वर्डप्रेसकडे वळले. ज्यांना आपले लेख सुखरूप बाहेर काढता आले, त्यांनाच हे स्थलांतर सुकर झाले.

वर्डप्रेसचा जन्मही याच दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या आधीच्या 'बी-टू' या प्रणालीचे काम थंडावले होते. परंतु तिचा परवाना मुक्त होता. त्यामुळे अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांना ते काम हाती घेऊन पुढे नेता आले. त्याचप्रमाणे 'मॅम्बो' या प्रणालीचे कारागीर २००५ साली मतभेदामुळे बाहेर पडले. तेव्हा मुक्त परवान्यामुळेच त्यांना आपले काम बरोबर नेता आले आणि त्यातून जूमला उभी राहिली. परवाना मुक्त असला, म्हणजे मूळ चालक थांबले तरी काम थांबतेच असे नाही.

याउलट, परक्याच्या अंगणात थाटलेल्या संसाराला नेहमीच धोका असतो. 'जिओसिटीज' या सेवेवर असंख्य लोकांनी विनामूल्य पाने उभारली होती. २००९ साली ती सेवा अमेरिकेत बंद झाली. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतील पुष्कळशी पाने वाचविली, तरी सर्वच वाचू शकली नाहीत.

यासाठी सुज्ञ संपादक पहिला अंक काढण्यापूर्वीच एक कसोटी घेतो. तो दोन-चार लेख प्रणालीत घालतो आणि मग चित्रे, तारखा व लेखकांची नावे यांसह ते बाहेर काढून दुसरीकडे नीट वाचता येतात की नाही, हे पाहतो. पुढेही सर्व मजकुराची एक प्रत तो नियमाने अन्यत्र जपून ठेवतो. प्रणाली आज एक, तर उद्या दुसरी असेल. मासिकाचे खरे धन म्हणजे त्याचे लेख होत. ज्या कोठारातून आपले धन्य आपल्याला परत नेता येत नाही, त्याचे दार कितीही सुंदर असले तरी त्यात ते भरू नये.