नवाचा ताळा आणि नोकरीची परीक्षा



या व्यासपीठावर साहित्य, तत्त्वज्ञान, राजकारण यांवर बोलणारे विद्वान येतात. आम्हांला मात्र चालकांनी अंकगणितावर बोलायला सांगितले, आणि तेही स्पर्धा परीक्षांत येणाऱ्या संख्यांच्या उदाहरणांवर. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि रात्री सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा ज्यांच्याजवळ गणिताची पदवी आहे त्यांनी आमच्या भाषेकडे काणाडोळा करावा. उत्तर चुकले तर मात्र जागीच थांबवावे.

आमच्या कचेरीत संध्याकाळी सात ते नऊ कामगारांची मुलेमुली अभ्यासाला बसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी बँकेची, कोणी राज्य लोकसेवा आयोगाची. पण सर्वांत जास्त ओढा रेल्वेकडे. २०१९ साली रेल्वेने सर्वांत खालच्या श्रेणीच्या १,०३,७६९ जागांची जाहिरात काढली. अर्ज आले एक कोटीच्या वर, आणि परीक्षा झाली २०२२ साली. त्या परीक्षेत प्रश्न शंभर आणि वेळ नव्वद मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. शिवाय चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. गणिताने जागा वाढत नाहीत हे आम्हांला कळते. जागा वाढाव्यात म्हणून मोर्चे काढण्याचे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत आणि ते सोडलेले नाही. पण उद्या सकाळी परीक्षेला बसणाऱ्या मुलाला पुढच्या मोर्चाची तारीख सांगून भागत नाही.

या ५४ सेकंदांच्या धाकाने बाजारात युक्त्यांच्या पुस्तकांचे पीक आले आहे. युक्ती वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. कारागिराच्या हातात निम्म्या युक्त्याच असतात. पण कारागिराला ती युक्ती कुठे चालते आणि कुठे दगा देते हे ठाऊक असते. आमच्याकडे एका हमालाची मुलगी येते. मोठी हुशार. तिने पुस्तकात वाचले होते की ज्या संख्येला २ ने आणि ३ ने भाग जातो तिला ६ ने भाग जातो. बरोबर आहे. पुढे प्रश्न आला २४ ने विभाज्य संख्येचा. तिने विचार केला, चार सख्खे चोवीस, तेव्हा ४ ने आणि ६ ने भाग जाणारी संख्या शोधावी. तिने ३६ वर खूण केली. छत्तिसाला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो, पण २४ ने जात नाही. कारण ४ आणि ६ या दोघांच्या पोटात २ हा एकच अवयव बसलेला आहे. तो आपण दोनदा मोजला. कसोटीचे दोन आकडे सहमूळ हवेत, त्यांच्यात १ खेरीज सामाईक अवयव नको. म्हणून २४ साठी ३ आणि ८ घ्यावे लागतात. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “काका, पुस्तकात हे लिहिलंच नाही.” लिहिले असेलही, पण खालच्या ओळीत, बारीक अक्षरात.

म्हणून आम्ही कसोट्या पाठ करून घेण्याआधी त्यांचे कारण सांगतो. नवाची कसोटी घ्या. अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भागून जी बाकी येईल तीच मूळ संख्येची बाकी. असे का? आम्ही टेबलावर नोटा मांडतो. ५२४ रुपये म्हणजे शंभराच्या पाच, दहाच्या दोन आणि सुटे चार. दहाच्या प्रत्येक नोटेतून नऊ रुपये काढले तर एक उरतो. शंभराच्या प्रत्येक नोटेतून नव्याण्णव काढले तरी एकच उरतो. काढलेले सगळे नवाच्या पटीत गेले. उरले पाच, दोन आणि चार, म्हणजे अकरा. अकरातून पुन्हा नऊ गेले, बाकी दोन. पाचशे चोवीसला ९ ने भागून पाहा, बाकी दोनच येते. ज्याने हे एकदा नोटांनी पाहिले त्याला तिनाची कसोटी वेगळी शिकवावी लागत नाही, कारण नऊ आणि नव्याण्णव तिनाच्याही पटीत आहेत.

आमच्या वाडवडिलांना हा ‘नवाचा ताळा’ माहीत होता. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असणारे लोक ते. गुणाकार झाला की ताळा घेऊन पाहत. आम्हांला मात्र तो उशिरा आणि अपमानाच्या प्रसंगी भेटला. १९९१ साली आम्ही आमच्या लहानशा युनियनचे खजिनदार होतो, वय वीस-एकवीस. उन्हाळ्यात हिशेब बंद केला तेव्हा वहीतल्या जमेपेक्षा पेटीत सत्तावीस रुपये कमी भरले. त्या काळी तेवढ्यासाठी आमच्या लोकांना जवळजवळ दिवसभर राबावे लागे. सभासद तोंडावर काही बोलले नाहीत, पण चहाच्या टपरीवर आम्ही आलो की बोलणे थांबू लागले. ज्यांच्या पैशावर संस्था चालते त्यांनी संशय घेतला तर त्यांचे काय चुकले? आम्ही तीन रात्री बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

शेवटी आडत पेढीवरच्या एका वृद्ध मुनीमजींकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वही उघडलीच नाही. विचारले, “फरक किती?” सत्तावीस म्हणताच म्हणाले, “नवानं भाग जातोय. कुठंतरी आकडे उलटे पडलेत रे पोरा. नऊ त्रिक सत्तावीस, तेव्हा ज्या जोडीत तिनाचा फरक आहे ती बघ. चौदा-एक्केचाळीस, पंचवीस-बावन्न, छत्तीस-त्रेसष्ट, असं.” आम्ही पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेऊन बसलो. अर्ध्या तासात सापडले. एका खात्याची वर्गणी पावतीवर छत्तीस रुपये होती, वहीत आमच्याच हातून त्रेसष्ट पडली होती.

यातले गणित साधे आहे. दशकाचा आकडा एककात गेला आणि एककाचा दशकात, की संख्या बदलते ती त्या दोन अंकांच्या फरकाच्या नऊ पटींनी. तीन गुणिले नऊ, सत्तावीस. अर्थात फरकाला नवाने भाग गेला म्हणजे आकडे उलटलेच असे कोणी समजू नये. चोरालाही सत्तावीस रुपये चोरता येतात. मुनीमजींनी शोध कुठून सुरू करावा एवढेच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही वही आणि पावती दोन्ही सभेपुढे ठेवली.

पण याच गोष्टीत नवाच्या ताळ्याचे दुबळेपण आहे, आणि परीक्षा घेणारे ते जाणून असतात. अंक उलटले तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून ताळा ही चूक पकडू शकत नाही. एक उदाहरण घेऊ. ४,७६८ गुणिले ३९७ किती? पर्याय असे: १८,९२,७९६; १८,९२,८९६; १८,९३,८९६; १८,९२,९८६. चारही ६ वर संपतात, तेव्हा एकक स्थान पाहून काही कळत नाही. नवाचा ताळा घ्या. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज २५, बाकी ७. दुसरीची १९, बाकी १. गुणाकाराची बाकी ७ हवी. पर्यायांच्या बाक्या अनुक्रमे ६, ७, ८, ७. दोन गळले, दोन उरले, आणि उरलेल्या दोघांत फक्त ८ आणि ९ यांची अदलाबदल आहे. इथे अकराची कसोटी कामाला येते. दहा म्हणजे अकरात एक कमी, शंभर म्हणजे नव्याण्णवात एक जास्त, हजार म्हणजे एक हजार एकात एक कमी; म्हणून उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे चालत जायचे. ४,७६८ चे ८ उणे ६ अधिक ७ उणे ४, म्हणजे ५. ३९७ चे ७ उणे ९ अधिक ३, म्हणजे १. गुणाकाराला ५ हवेत. १८,९२,८९६ ला ५ येतात, १८,९२,९८६ ला ७. निकाल लागला. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की अकराची कसोटी ते पकडतेच. १९९१ साली आम्हांला ती माहीत असती तर छत्तीस-त्रेसष्टाचा घोळ वहीत उतरवतानाच सापडला असता.

(खरे तर ४,७६८ ची ४०० पट करून त्यातून तिप्पट वजा केली तर गुणाकार तोंडीही होतो. पण परीक्षेच्या दालनात घाम फुटलेल्या मुलाला दोन वाटा ठाऊक असाव्यात.)

नवाची गोष्ट निघाली म्हणून देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची मौज दाखवली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या वजाबाकीला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आणि पुढे कितीही केले तरी ६१७४ च. फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचतो. यातली प्रत्येक वजाबाकी नवाच्या पटीत असते, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच आहेत, म्हणून नवाची बाकीही तीच. मुनीमजींची वही आणि कापरेकरांची संख्या इथे एकाच ओसरीवर बसलेल्या आम्हांला दिसतात.

आता लसावि. मुले लसावि काढतात झटपट, पण तो कशासाठी काढायचा तेच त्यांना कळत नाही. प्रश्न असा येतो: जिला ६ ने भागल्यास बाकी ५, ८ ने भागल्यास ७ आणि ९ ने भागल्यास ८ उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? आम्ही त्याचा मोर्चा करतो. सहासहांच्या रांगा केल्या तर शेवटच्या रांगेत एक माणूस कमी पडतो. आठाठांच्या केल्या तरी एकच कमी. नऊनऊंच्या केल्या तरी एकच. मग आम्ही स्वतः जाऊन रांगेत उभे राहिलो तर? तिन्ही तऱ्हांनी रांगा भरतात. म्हणजे आमच्यासह माणसे ६, ८, ९ यांच्या लसाविइतकी, ७२, आमच्याविना ७१. बाकी किती उरली यापेक्षा कमी किती पडले हे पाहिले की असे कितीतरी प्रश्न मऊ होतात.

एकक स्थानाचे प्रश्न पाळीसारखे असतात. ७ च्या घातांचा शेवटचा अंक ७, ९, ३, १ असा फिरतो आणि पुन्हा ७ वर येतो. ९५ व्या घाताला ९५ भागिले ४, बाकी ३, म्हणून तिसरा अंक ३. फसगत होते ती ९६ व्या घाताला; बाकी शून्य आली की मुले गोंधळतात. शून्य म्हणजे फेरा पुरा झाला, शेवटचा अंक घ्यावा, १. एकपासून शंभरापर्यंतच्या संख्यांच्या गुणाकाराशेवटी किती शून्ये, याला २० उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. पाचाच्या पटी वीस खऱ्या, पण २५, ५०, ७५ आणि १०० यांत पाच दोनदा बसला आहे, म्हणून २४. मूळ संख्या ओळखताना ४३७ पुढे आली की मुले तेरापर्यंत भागून हात टेकतात. वर्गमूळ विसाच्या वर आहे, तेव्हा १९ पर्यंत जायला हवे. १९ गुणिले २३ म्हणजे ४३७.

सराव कसा करावा याबद्दल आमचा अनुभव पुस्तकांच्या उलट आहे. पहिले तीन आठवडे आम्ही घड्याळ लावूच देत नाही. रोज दहाच उदाहरणे, पण प्रत्येकाचे कारण शेजाऱ्याला सांगता आले पाहिजे. चुकलेले उदाहरण वेगळ्या वहीत, आणि त्यापुढे एक ओळ: काय समजून चुकलो. ‘घाईत चुकले’ असे लिहिलेले आम्ही चालवून घेत नाही. मोठी माणसे संपाच्या वाटाघाटीतही घाईत चुकतात, पण घाई का झाली याला काहीतरी कारण असते. चौथ्या आठवड्यापासून घड्याळ.

आणि अंदाजाचा हिशेब. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने चारांत एक बरोबर, तीन चूक. मिळाला एक गुण, गेला एक गुण. हाती काही नाही. पण एक पर्याय ताळ्याने बाद केला तर तीन प्रश्नांत एक गुण मिळतो आणि दोन तृतीयांश जातो. दोन पर्याय बाद झाले तर दोन प्रश्नांत एक मिळतो, एक तृतीयांश जातो. म्हणून काहीच बाद होत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जावे, निदान सेकंद तरी वाचतात.

गेल्या महिन्यात आम्ही वर्गाला एक प्रश्न घातला. मोर्चाच्या दोन, तीन, चार, पाच किंवा सहाच्या रांगा केल्या तर दर वेळी एक माणूस उरतो. सातच्या केल्या तर कोणी उरत नाही. कमीत कमी माणसे किती? त्या हमालाच्या मुलीने लसावि ६० काढला, एक मिळवला आणि पाटीवर ६१, १२१, १८१ असे लिहीत गेली. सातची बाकी ५, मग २, मग ६. तिथे थांबून म्हणाली, “काका, दर वेळी चार वाढतायत आणि सात झाले की गळतायत. पुढं तीन, मग शून्य.” आणि तिने ३०१ लिहिले. दोन मिनिटे लागली. मग तिने ६० ऐवजी दुसरा लसावि घेऊन स्वतःच एक नवा प्रश्न तयार केला आणि तो आम्हांला घातला. तो सोडवायला आम्हांला घरी न्यावा लागला.