जाम झालेला बोल्ट आणि प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीखाली एक छोटं गॅरेज आहे. मागच्या महिन्यात तिथे एक जुनी कार आली. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 8 मिलिमीटरचा पोलादी बोल्ट जाम झालेला, आणि कुणीतरी चुकीचा पाना लावल्यामुळे डोकंही गोल झालेलं. मी म्हटलं, "काका, ड्रिल मारून इझी-आउट लावा ना." ते म्हणाले, "ते सगळ्यात शेवटी. आधी त्याला कशानं धरलंय ते बघू."

हे वाक्य मला पीएचडीच्या पहिल्या वर्षी ऐकायला हवं होतं. तेव्हा लॅबमधल्या टेस्ट इंजिनवर मी थेट इझी-आउट लावलं आणि ते आतच तुटलं. ते कडक पोलादाचं असतं, साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. शेवटी भोसरीला नेऊन स्पार्क इरोजननं काढून घ्यावं लागलं. प्रयोग तोवर बंद.

आता बघा, बोल्ट कशानं अडकतो? कारणं मुख्यतः तीन. एक, आवळल्यामुळे आलेला ताण. आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी साधारण 10 टक्केच बोल्ट ताणायला लागतो. निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात जातो. दोन, गंज. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये ओलावा गेला की ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा ऑक्साइड जास्त जागा घेतो आणि आटे घट्ट धरतो. तीन, कंपनीतच लावलेलं थ्रेडलॉक.

कारण वेगळं, तसा उपाय वेगळा. गंजाला भेदक तेल आणि वेळ लागतो. रात्रभर ठेवा, मधूनमधून हातोडीनं हलकं ठोका. थ्रेडलॉकवर मात्र तेल फुकट, ते उष्णतेनं मऊ होतं. उष्णता गंजालाही चालते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तापमान 100 अंशांनी वाढवलं तर 8 मिलिमीटरच्या भोकात साधारण 9 मायक्रॉन ढील मिळते. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुष्कळदा पुरतं. (तापवण्याआधी तेल पुसा आणि पेट्रोलच्या नळ्या लांब करा, नाहीतर पेट घेईल.)

काकांचा क्रम असा होता: डोकं साफ करून सहा कोनी गोटी ठोकून बसवायची, मग तेल, मग हॉट एअर गन, मग डोक्यावर नवा नट वेल्ड करायचा. त्यानंही नाही सुटला तर डोकंच ड्रिलनं उडवायचं. डोकं गेलं की ताण जातो, वरचा भाग उचलता येतो आणि उरलेला दांडा बऱ्याचदा व्हाइस ग्रिपनं सुटतो. इझी-आउट सगळ्यात शेवटी, कारण ते निमुळतं असतं: जितकं फिरवाल तितकं बोल्टला आतून फुगवतं.

आमचा बोल्ट नट वेल्ड केल्यावर सुटला. वेल्डिंगच्या उष्णतेनं बोल्ट फुगतो, थंड होताना आकसतो, त्यात गंज तडकतो. हेडमधले आटे शाबूत होते. गेले असते तर हेलिकॉइल बसवावं लागलं असतं.

या क्रमात काय दिसतं? पहिल्या तीन पायऱ्या फसल्या तरी बोल्ट होता तसाच राहतो. पुढच्या प्रत्येक पायरीला काहीतरी कायमचं बदलतं. आपल्याला मात्र घाई असते, गाइडची मीटिंग उद्या असते, म्हणून सहाव्या पायरीपासून सुरुवात होते. नमुना कापतो आणि मग आठवतं की वजन घ्यायचं राहिलं. मूळ फाइलवरच डेटा 'साफ' करतो.

तुम्ही संशोधन आराखडा लिहीत असाल, तर आज एवढंच करा: पद्धतीच्या प्रत्येक पायरीपुढे 'परत फिरता येतं का?' याचं हो किंवा नाही लिहा. जिथे 'नाही' आलं, त्याच्या आधी काय मोजून ठेवायचं तेही लिहा. मुलाखतीत कुणी विचारो न विचारो, लॅबमध्ये उपयोगी पडेल.