किल्ली कुणाच्या नावावर?

परभणी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर अधिकाऱ्यांचे ई-मेल पत्ते शोधायला गेलात, तर ते जरा चमत्कारिक दिसतात. मधली वेटोळ्याची खूण गायब. तिच्या जागी चौकटी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’. माणसाला ते क्षणात कळते. पानांमागून पाने चाळत पत्ते वेचणाऱ्या साध्या बॉटला मात्र त्यात पत्ता सापडत नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) साच्यातून देशभरच्या जिल्ह्यांची जी संकेतस्थळे उभी राहिली, त्यांत हीच युक्ती वापरलेली दिसते.

बॉट म्हणजे माणसाच्या वतीने, किंवा माणसाचे सोंग घेऊन, आपोआप काम करणारा प्रोग्रॅम. गंगाखेड, जिंतूर किंवा सेलूच्या सेवा केंद्रात सातबारा काढायला बसलेल्या ऑपरेटरला त्याची झळ रोज लागते, फक्त ती बॉटची आहे हे कुणी बोलत नाही. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका, आणि शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांची ती चौकट. कॅप्चा. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तिथेही आधार क्रमांकाखाली हीच चौकट होती.

ही कटकट नेमकी कशासाठी, ते रेल्वेच्या आकड्यांतून कळते. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले, की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यांतले ५० टक्क्यांपर्यंत बॉटचे असतात. आयआरसीटीसीची अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली गेली. दिवाळीनंतर परभणीहून मुंबई-पुण्याला परतणाऱ्यांनी अकराच्या ठोक्याला स्लीपरच्या तिकिटासाठी बोट टेकवावे आणि ‘वेटिंग’ बघावे, यामागे नशिबाइतकाच हाही भाग होता. रेल्वेने बॉट रोखणारी यंत्रणा बसवली आणि १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधारची अट घातली.

रेल्वेकडे पैसा आहे, माणसे आहेत. गावातल्या पतसंस्थेने, महाविद्यालयाने, दवाखान्याने काय करायचे? त्यांनी गेली काही वर्षे एकच केले: संपर्काच्या फॉर्मखाली गुगलची ‘मी रोबोट नाही’ ही चौकट लावून टाकली. ती फुकट होती.

या चौकटीचा जन्म अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅप्चाची कल्पना शोधनिबंधात मांडली. २००७ मध्ये रीकॅप्चा आले. त्यात दोन शब्द दिसत. एक माहीत असलेला, दुसरा जुन्या छापील मजकुरातला, यंत्राला न वाचता आलेला. लोक स्वतःला माणूस सिद्ध करता करता ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक टाइप करून देत होते, तेही बिनपगारी! २००९ मध्ये गुगलने ते विकत घेतले. २०१४ च्या अखेरीस खुणेची चौकट, म्हणजे दुसरी आवृत्ती, आली. २०१८ ची तिसरी आवृत्ती तर काहीच विचारत नाही. वापरण्याच्या ढंगावरून शून्य ते एक यांच्यामध्ये गुण देते आणि पुढचा निर्णय संकेतस्थळावर सोपवते.

यामागे किल्ल्यांची जोडी असते. एक उघडी, पानाच्या कोडमध्ये कुणालाही दिसणारी. दुसरी गुप्त, फक्त सर्व्हरवर ठेवायची. फॉर्म भरणाऱ्याच्या ब्राउझरला उघड्या किल्लीच्या बदल्यात गुगलकडून एक टोकन मिळते. ते दोनच मिनिटे चालते आणि एकदाच वापरता येते. सर्व्हर ते टोकन आपल्या गुप्त किल्लीसह गुगलला दाखवतो, गुगल हो किंवा नाही सांगते, मगच फॉर्म पुढे जातो.

तर या किल्ल्या आता हलल्या. गुगलने कळवले, की रीकॅप्चाच्या जुन्या ‘क्लासिक’ किल्ल्या २०२५ संपेपर्यंत गुगल क्लाउडच्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये न्याव्या लागतील. सूचना वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा आला, पण काम तसे फेरफारासारखे आहे: जमीन जागेवर, पीक जागेवर, नोंद तेवढी दुसऱ्या दप्तरात. दोन्ही किल्ल्या त्याच राहतात, पानावरचा कोडही बदलावा लागत नाही. किल्लीच्या मालकाने लॉगिन करायचे, प्रोजेक्ट निवडायचा, किल्ली हलवायची. पाच मिनिटांचे काम.

अडते ते ‘मालक’ या शब्दापाशी.

लहान गावांत संकेतस्थळे कशी होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा तरी भाचा इंजिनिअरिंगला असतो, किंवा स्टेशन रोडवरचा एक हुशार पोरगा पाच-दहा हजारांत वर्डप्रेसवर सगळे बसवून देतो. किल्ल्या तो स्वतःच्या जीमेलवरून काढतो, कारण संस्थेचा स्वतःचा मेल नसतो. असला तर त्याचा पासवर्ड क्लार्कच्या डायरीत असतो. पुढे तो पोरगा हिंजवडीला नोकरीला लागतो. गुगलची सूचना जाते त्याच्या मेलवर, आणि मुख्याध्यापकांना किंवा चेअरमन साहेबांना अशी काही किल्ली आपल्याकडे आहे याचाच पत्ता नसतो.

असे झाले तर नवी जोडी काढून पानावर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे बदलावी लागते. त्यासाठी होस्टिंगचा पासवर्ड हवा. तोही बहुतेक वेळा त्याच पोराकडे. शहाणपणाची गोष्ट अशी, की संस्थेच्या नावाचे खाते आधीच मालक म्हणून जोडून ठेवावे. क्लाउडमध्ये हे उलट सोपे झाले आहे: कोणाला किल्ली बदलता येईल, कोणाला नुसते आकडे पाहता येतील, हे वेगवेगळे ठरवता येते आणि माणूस गेला की त्याचा अधिकार काढून घेता येतो.

दुसरी बाब पैशाची. पूर्वी महिन्याला १० लाख तपासण्यांपर्यंत गुगल काही मागत नव्हते. आता पहिल्या १० हजार फुकट, त्यापुढे १ लाखापर्यंत ८ डॉलर, त्याहून वर हजारामागे १ डॉलर. १० हजार म्हणजे दिवसाला साधारण ३३३. पतसंस्थेच्या चौकशी फॉर्मला ते वर्षानुवर्षे पुरतील. पण निकालानंतर प्रवेश अर्ज घेणाऱ्या महाविद्यालयाला जून महिना जड जाऊ शकतो, आणि तेव्हा कार्ड कोणाचे जोडायचे हा प्रश्न लेखापालासमोर येतो.

एवढे करून चौकट बॉटला अडवते का? झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की रीकॅप्चाच्या दुसऱ्या आवृत्तीतली चित्रांची कोडी त्यांचे मॉडेल शंभर टक्के सोडवते. आणि मॉडेलही कशाला? ‘घरबसल्या कॅप्चा टायपिंग’च्या जाहिराती पाहिलेल्यांना तो धंदा माहीत आहे, २०१० च्या सुमारास हजार कोडी माणसांकडून सोडवून घ्यायचा बाजारभाव एक डॉलरच्या आसपास होता. हजार तपासण्यांचा आजचा वरचा दरही तेवढाच. अडचण सोसायची ती दृष्टिहीनांनी आणि चष्मा विसरलेल्या आजोबांनी.

म्हणून काही डेव्हलपर क्लाउडफ्लेअर कंपनीच्या ‘टर्नस्टाइल’कडे वळले. २०२२ मध्ये आलेली ही सोय चित्रे ओळखायला लावत नाही आणि फुकटही वापरता येते. अगदी साध्या फॉर्मला तर आणखी जुना उपाय आहे: माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवायचा. बॉट दिसेल तो रकाना भरतो, त्यामुळे तो भरलेला अर्ज सर्व्हरने परस्पर टाकून द्यायचा. नेमके तुमच्याच संकेतस्थळासाठी लिहिलेला बॉट याला फसत नाही, त्यामुळे फी किंवा प्रवेशाच्या पानावर त्यावर विसंबता येत नाही. ‘आमच्याशी संपर्क साधा’च्या फॉर्मला मात्र तो चालतो.