विकता न येणारं मांस

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात 1963 पासून बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होऊ लागला. ग्रामीण भागातल्या अनेक शाळांना त्या दिवशी सुट्टी असे आणि शनिवार-रविवारीच माणसं रानातल्या आपापल्या ‘कॅम्प’वर जमत. त्याच वर्षी इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने 55 वर्षांवरच्या 4,486 विधुरांचा अभ्यास छापला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं होतं. साल एकच, हा निव्वळ योगायोग. पण जोडीदार गेल्यावरचं एकाकीपण शिकारीच्या हंगामात हलकं होतं, असं तिकडे बरेच जण मानतात आणि त्याचं श्रेय पहाटेच्या रानाला, शांततेला देतात. मला हे पटत नाही. शांतता एकट्या माणसाच्या घरात हवी तेवढी असते. हंगामाचा काही उपयोग होत असेल, तर तो हरीण पडल्यानंतर सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने हरणं जवळजवळ संपत आली, तेव्हा रानातल्या हरणाचं मांस विकण्यावरच बंदी आली. तिथल्या हॉटेलांत मिळतं ते पाळीव हरणांचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. म्हणजे शिकाऱ्यापुढे मार्ग तीनच: खाणं, वाटणं, दान करणं. मध्यम आकाराच्या हरणाचं हाडं काढून साधारण 20 किलो मांस निघतं आणि ते थांबत नाही. पोट तिथल्या तिथे साफ करायचं, धड थंडाव्याला टांगायचं, कातडं सोलायचं, फऱ्या आणि मांड्या सुट्या करायच्या. हरणाची चरबी थंड झाली की टाळूला चिकटते, म्हणून ती खरवडून काढायची. उरलेलं मांस इतकं कोरडं की खिम्यात डुकराची चरबी मिसळावी लागते. मग कागदात बांधून वर तारीख घालायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने कापायचं असं हे काम आहे. शेवटी फ्रीझर भरतो आणि एकट्याच्याने तो संपत नाही. कोकणात किंवा देशावर ‘वाटे घालणं’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, तेच इथे घडतं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलं की शोक करणारं माणूस गेलेल्याची आठवण आणि पुढ्यातली नवी कामं यांच्यात हेलकावत राहतं, आणि हे हेलकावणं आवश्यकही असतं. मांस कापण्याच्या टेबलापाशी दोन्ही एकदम हाताशी येतात, कारण पुष्कळ घरांत कागद बांधणं आणि तारीख घालणं हे बायकोचं काम होतं.

इथेच सर्वांत अवघड आक्षेप येतो. अमेरिकेत निम्म्याहून जास्त आत्महत्या बंदुकीने होतात आणि पंच्याहत्तरीपुढच्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण सर्वाधिक आहे. नुकत्याच एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या घरी बंदूक असणं हाच धोका आहे, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उलट, माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं: बंदूक दुसऱ्याकडे कुलपात गेली, तरी सुरी आणि टेबल उरतं. दुसरा आक्षेप असा की मुळात ज्यांना मित्र आहेत तेच कॅम्पवर जातात, मग हंगामाचं कौतुक कशाला? यात तथ्य आहे. हंगाम नवे मित्र देत नाही, फक्त जुन्यांना यायला तारीख आणि निमित्त देतो. तिसरा प्रश्न विधवांचा. 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत शिकाऱ्यांत सुमारे 90 टक्के पुरुष होते. नवरा गेला की त्या घरात हरीण येणंच थांबतं आणि शेजाऱ्याने आणून दिलेल्या पुडक्यावर तिचा हंगाम भागतो. या व्यवस्थेने तिला घेणारी केलं, देणारी नाही. हे लंगडेपण मला झाकावंसं वाटत नाही.

दरम्यान ही वीण सैल होत गेली. हरीण खाटकाकडे टाकून आठवड्याने पुडकी घेऊन येण्याची सोय झाली. वेळ वाचला, टेबलाभोवतीची माणसं गेली. 1991 मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ने जास्तीचं मांस अन्नपेढ्यांपर्यंत नेलं. भुकेल्यांसाठी ते मोलाचं, पण देणारा घेणाऱ्याचा चेहरा पाहत नाही. 2019 मध्ये हंगामाचा सोमवार जाऊन शनिवार आला. नोकरदार आणि विद्यार्थ्यांसाठी ते रास्तच होतं. पण कॅम्पवर जमण्याचे आदले दोन दिवस त्यात गेले आणि जुन्या मंडळींनी आरडाओरडा केला तो त्यासाठीच. त्याआधी 2012 मध्ये या राज्यात हरणांचा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ सापडला होता. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. त्यामुळे रोग आढळलेल्या भागात आता डोकं तपासणीला जातं, आणि अहवाल येईपर्यंत शेजारणीसाठी बांधलेलं पुडकं फ्रीझरमध्येच पडून राहतं.